आप्पांच्या तासाचा दर

ब्रॅडफर्ड
१६ नोव्हेंबर २०२५

ती. आप्पा व ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. थंडी सुरू झालीय, पण घरात हीटर आहे, खोकला पूर्ण गेलाय आणि जेवण वेळेवर होतं. आई, शेंगाचटणी अजून निम्मी शिल्लक आहे, पुढचं पार्सल घाईने पाठवू नको. बाकी रोजचं तुम्हाला फोनवर कळतंच.

आप्पा, परवा तुम्ही विचारलंत, "सरकारकडं पैसे मागतीस, ते फेडायचे कसे? आन् लॉटरीचा पैसा आपल्याला कशाला?" मी सांगायला लागले आणि तेवढ्यात दादाच्या मागांच्या शेडमधली लाइट गेली, बोलणं तिथंच राहिलं. ऑपरेशननंतर तुम्हाला बारीक अक्षरही दिसतंय असं वहिनी म्हणाली, म्हणून सविस्तर लिहिते. दादा प्रिंट काढून देईल.

पहिलं म्हणजे माझ्या संगीताच्या कार्यक्रमासाठी मागतेय ते पैसे कर्ज नव्हे. अनुदान आहे, परत द्यायचं नसतं. ज्या कामासाठी दिलं ते काम करायचं, हिशेब ठेवायचा आणि शेवटी अहवाल द्यायचा. शेवटचा हप्ता तर अहवाल पाहिल्यावरच मिळतो. घर गहाण नाही, कुणी जामीन नाही, दादाची कुठं सही नाही.

पैसे देणारी संस्था आर्ट्स कौन्सिल इंग्लंड. तिच्याकडे सरकारी तिजोरीतून पैसा येतो आणि राष्ट्रीय लॉटरीतूनही येतो. ही लॉटरी १९९४ साली सुरू झाली. तिकिटांच्या पैशातला ठरलेला वाटा कला, खेळ, जुन्या वास्तू आणि समाजकार्य यांना द्यायचा, असा कायदाच आहे. तुमच्या गळ्यात माळ आहे, तुम्हाला हे खटकणार हे मला ठाऊक होतं. मीही यावर पुष्कळ विचार केला. मी तिकीट काढत नाही आणि कुणाला काढायला सांगत नाही. आपल्या महाराष्ट्र शासनाची लॉटरीही १९६९ पासून आहेच, तिचा पैसाही शेवटी सरकारजमाच होतो. आणि हात पसरण्याचं म्हणाल, तर तुमच्या भजनी मंडळातल्या काकांना वृद्ध कलावंत मानधन मिळावं म्हणून तुम्हीच कागद गोळा करून जिल्हा परिषदेत हेलपाटे घातले होते. तेव्हा तुम्ही त्याला हक्क म्हणाला होता. मग माझ्या अर्जाला भीक का म्हणायचं?

या संस्थेचं मूळ कळल्यावर मला पहिल्यांदा तुमची आठवण झाली. १९४० साली, ऐन महायुद्धात, इथल्या सरकारने संगीत आणि कलांच्या प्रोत्साहनासाठी एक मंडळ नेमलं. ते मंडळ वादक-गायकांना कारखान्यांत पाठवायचं. कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीत व्हायोलिन वाजायचं. लढाई संपल्यावर, १९४६ साली, त्याच मंडळाची आर्ट्स कौन्सिल झाली. त्यामागे केन्स हे मोठे अर्थतज्ज्ञ होते. पैसा सरकारने द्यायचा, पण कुठलं गाणं करायचं हे मंत्र्याने सांगायचं नाही, ही रीत तेव्हापासूनची. गिरणीच्या भोंग्याबरोबर ज्याची सुरुवात झाली त्या पैशावर गिरणीतल्या जॉबरच्या, म्हणजे मागांवरच्या मुकादमाच्या, मुलीचा हक्क नसेल, तर कुणाचा असेल?

आता काम काय ते सांगते, कारण आईला वाटतंय मी इंग्रजी बँडमध्ये शिरले. ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचं गाव. शेजारच्या सॉल्टेअरमध्ये १८५३ साली उघडलेली अवाढव्य गिरणी आहे, ती १९८६ ला बंद पडली, आज तिथे चित्रांची दालनं आणि पुस्तकांचं दुकान आहे. गावात औद्योगिक संग्रहालय आहे, तिथले जुने माग अजून चालवून दाखवतात. मी पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा पाय हलेनात. ताण्याचे उभे धागे उघडतात, आडवा धागा नेणारा धोटा जातो, फणी ठोकते. सोलापुरात अशोक चौकातून शाळेत जाताना दोन्ही बाजूंनी हाच आवाज यायचा. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ सालची, इथल्या गिरण्या तिच्याही आधीच्या. दोन्ही गावांनी भोंग्यावर दिवस काढले आणि दोन्ही गावांचे भोंगे बंद पडले. दादाने शेडमधल्या टॉवेलच्या मागांचा आवाज मोबाइलवर घेऊन पाठवला, तो आणि इथल्या मागाचा आवाज शेजारी शेजारी ठेवून मी तबला वाजवते, एकजण व्हियोला (व्हायोलिनसारखंच, जरा मोठं), एकजण संगणकावर आवाज जोडतो. रागदारीही नाही आणि सिनेमातलंही नाही. आजच्या काळात, आजच्या माणसांनी नव्याने रचलेलं संगीत म्हणा. पण आप्पा, मधला मोठा भाग तुमच्या भजनी ठेक्यावर उभा आहे, आठ मात्रांवर. मागाची चाल त्यात आपोआप बसते, ओढूनताणून नाही.

एकूण खर्च १४,००० पौंड, त्यातले १२,००० मागतेय. रुपयांत केलंत तर चौदा लाखांच्या पुढेमागे होतील, पण ते माझ्या खिशात येणार नाहीत. वादकांचं मानधन, ध्वनिव्यवस्था, विमा, ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी खुणांची भाषा बोलणारी बाई, रेल्वेची भाडी, असं सगळं त्यात आहे. वादकांना संघटनेच्या दरापेक्षा कमी देता येत नाही, हे मला फार आवडलं. आपल्याकडे "कार्यक्रमात वाजवायला मिळतंय हेच पुष्कळ" म्हणून किती जणांना चहा पाजून परत पाठवतात, तुम्ही पाहिलंय.

अर्जातला सगळ्यात अवघड प्रश्न पैशाचा नाही. हे कोण ऐकणार, आणि जे कधी अशा ठिकाणी येत नाहीत त्यांच्यापर्यंत तुम्ही कसे पोचणार, हे विचारतात. त्यावर "खूप लोक येतील" लिहून चालत नाही. मी इथल्या गिरण्यांत काम केलेल्या म्हाताऱ्या माणसांना भेटतेय. त्यांत पाकिस्तानकडच्या काश्मीरमधल्या मिरपूरहून आलेले कितीतरी आहेत, रात्रपाळीत काम करणारे. एका आजोबांनी टेबलावर बोटांनी मागाची चाल वाजवून दाखवली, अगदी तुम्ही ताटावर वाजवता तशी.

आता एक गोष्ट सांगते जी मला समजायलाच फार वेळ लागला. इथे खर्चपत्रकात फुकट मिळालेल्या मदतीचीही किंमत लिहितात. म्हणजे कसं, ते नीट सांगते. कार्यक्रमाला एका जुन्या गिरणीतला हॉल मिळतोय, मालक भाडं घेणार नाही. आपण काय लिहू? भाडं नाही, विषय संपला. इथे, तो हॉल दुसऱ्या कुणी घेतला असता तर जे भाडं पडलं असतं, समजा ६०० पौंड, ते जमेच्या बाजूला मिळालं म्हणून लिहायचं आणि खर्चाच्या बाजूलाही तेवढंच लिहायचं. पैसा कुठून कुठे गेला नाही, पण कागदावर दोन्हीकडे आला. मैत्रीण पोस्टर करून देतेय, तर तिचे तास मोजायचे आणि त्या कामाचा बाजारातला दर लावायचा. शेजारची बाई तालमीला आपली गाडी देतेय, तर तेही. आणि हे त्यांना तोंडावर विचारायचं, "तुमच्या तासाला काय लावू?" आपल्याकडे असं विचारलं तर माणूस पुन्हा दारात पाऊल ठेवणार नाही. मला विचारताना घाम फुटला. ती बाई मात्र सहज आकडा सांगून मोकळी झाली, वर "नीट लिहून ठेव" म्हणाली.

कारण असं की एकूण खर्चाचा निदान दहावा हिस्सा दुसरीकडून उभा करावा लागतो, आणि ही मदत त्यात धरता येते. दुसरं कारण मला जास्त पटलं. मदत लिहिली नाही, तर कार्यक्रम प्रत्यक्षात किती माणसांच्या कष्टावर उभा राहिला ते कुणाला दिसतच नाही. लग्नात आपण आहेराची वही ठेवतो, कुणी पातेलं दिलं, कुणी पोतंभर ज्वारी, सगळं नावानिशी. तशीच ही वही.

आप्पा, त्या वहीत तुमचं नाव आहे. "सल्लागार, माग आणि पखवाज." गेले कित्येक रविवार तुम्ही फोनवर मला धोटा कसा अडकतो, ताणा तुटला की आवाज कसा बदलतो, पाळी संपताना सगळे माग एकामागून एक कसे थांबतात, हे सांगत बसलात. ते तास मी लिहिले. इथल्या संग्रहालयातल्या जाणकाराला जो दर लावला, तोच तुम्हाला लावला, एक पैसा कमी नाही. तो आकडा तुमच्या गिरणीतल्या पगाराशी ताडून बघू नका. मी बघितला आणि नंतर बराच वेळ काही सुचलं नाही.

नोकरी सोडलेली नाही, हे आईला परत एकदा सांगा. आठवड्याचे चार दिवस काम आणि शुक्रवार संगीताला, असं ऑफिसने लेखी मान्य केलंय. इथे कायम राहायची परवानगी मागच्या वर्षीच मिळालीय, त्यामुळे अशा कामाला अडचण नाही. अर्ज या महिनाअखेर जाईल, निर्णयाला साधारण दहा आठवडे लागतात. निर्णय यायच्या आधी झालेल्या खर्चाला पैसे मिळत नाहीत, म्हणून खरं काम मार्चपासूनच. नाही मिळालं तर खर्च कमी करून पुन्हा अर्ज करीन. अंगावर काही येणार नाही.

आता जे लिहायचं टाळतेय ते. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला, गड्ड्याला, येते म्हटलं होतं, ते होणार नाही. रजा मार्च-एप्रिलसाठी राखावी लागतेय. नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा व्हिडिओ दादाने लावला की मी इथून बघीन, रात्रभर जागून बघीन. दिवाळीला नव्हते, ऑपरेशनला नव्हते, आणि तुम्ही दोघं "काही नाही, सगळं नीट झालं" एवढंच म्हणता. तुमच्या डोळ्यात औषधाचे थेंब वहिनी घालत होती, ते मी घालायला हवे होते. जून महिन्यात नक्की येते, तिकीट आत्ताच बघून ठेवलंय.

पैशाचं. दादाच्या खात्यावर काल ४०,००० पाठवले. त्यातले १५,००० दादाच्या मागांच्या हप्त्याला, ११,००० मावशीच्या मुलीच्या लग्नातला आहेर आणि साडी (आई, साडी तूच निवड, माझ्या नावाने जरा भारी घे), उरलेले घराला. चार दिवसांचाच पगार असल्याने जानेवारी ते एप्रिल दरमहा पाच हजार कमी येतील. त्याने औषधात आणि दुधात काटकसर करू नका, कमी पडलं तर मला लगेच सांगा. पत्र्याच्या गळतीचं काम पावसाळ्याआधी मीच करून देणार आहे, दादाने कर्ज काढू नये.

आई, बार्शीच्या स्थळाबद्दल. वाद्यवृंदात कुणी आहे का, असं तू वहिनीकडून विचारायला लावलंस. कुणी नाही. असतं तर सगळ्यांत आधी तुला सांगितलं असतं. फोटो बघितला, मुलगा चांगला वाटतो, शिकलेला आहे. मी त्याच्याशी बोलायला तयार आहे, पण आधी मी स्वतः बोलेन, मग घरच्यांची बैठक. आणि तबला सुटणार नाही आणि निदान दोन वर्षं इथंच राहणार, हे त्यांना आत्ताच स्पष्ट कळव. एकोणतीस झाली, एकतीस होईल, असं आत्या म्हणते ते मला कळतं. तुला चारचौघींत उत्तरं द्यावी लागतात, तेही कळतं, त्याचं वाईट वाटतं. पण घाईत होकार देऊन पुढे त्या घराला दुखवायचं नाही.

शेवटचं आणि तातडीचं. अर्जाला पाठिंब्याचं पत्र जोडायचंय. आप्पा, ते तुमच्याकडून हवंय, मराठीतच. तुम्ही गिरणीत काय काम केलं, मंडळात पखवाज किती वर्षं वाजवताय आणि या कामाला काय सांगितलंत, एवढं अर्ध्या पानात लिहा. खाली इंग्रजी मी लिहीन. सही करून तारीख घाला, आणि दादाला २५ तारखेच्या आत उजेडात फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगा.

वहिनीला नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुमची,
धाकटी