ऊसतोडीला निघालेल्या रुग्णाच्या गोळ्यांचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘या गोळ्यांनी खरंच फरक पडतो, का नुसती झोपच येते?’ गेवराई तालुक्यातल्या माझ्या औषध दुकानात स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या रुग्णांचे नातेवाईक हे हमखास विचारतात. फरक पडतो. कानात येणारे आवाज, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे हा संशय, असंबद्ध बोलणं यांवर बहुतेकांना काही आठवड्यांत उतार पडतो. मात्र कशातच मन न लागणं, गप्प बसून राहणं, कामाची उमेद जाणं यांवर या औषधांचा फारसा जोर चालत नाही. हे कुणी आधी सांगत नाही. मग ‘दोन महिने गोळ्या खाऊनही पोरगं शेतात जाईना’ म्हणून औषध बंद होतं.

खरा उपयोग दिसतो तो आजार उलटण्याच्या बाबतीत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2012 साली 65 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता. औषध चालू ठेवलेल्यांपैकी सुमारे 27 टक्क्यांचा आजार वर्षभरात उलटला. औषध काढून नुसती दिखाऊ गोळी दिलेल्यांमध्ये हेच प्रमाण 64 टक्के होतं. म्हणून तर पहिला झटका ओसरल्यावरही डॉक्टर वर्ष-दोन वर्षं औषध सोडू देत नाहीत, आणि वारंवार उलटत असेल तर त्याहून कितीतरी जास्त.

आमच्याकडे औषध सुटण्याची कारणं ठरलेली. हातपाय थरथरणं, तोंडातून लाळ, वजन आणि साखर वाढणं हे त्रास खरे आहेत, आणि त्यावर उपाय म्हणजे डॉक्टरांकडून गोळी किंवा मात्रा बदलून घेणं. ‘सवय लागेल’ ही भीती मात्र खोटी. या औषधांचं व्यसन लागत नाही. मुलीचं लग्न जमलं की सासरी कळू नये म्हणून गोळ्या बंद. ‘बाहेरचं आहे’ म्हणून आधी अंगारा, मग धागा, मग दवाखाना. मराठवाड्याला हे नवं नाही. देवाला जायला माझी ना नाही, पण गोळी सोडून जाऊ नका एवढंच मी सांगतो. साखळीत बांधून ठेवणाऱ्या ठिकाणी काय होतं, हे तमिळनाडूतल्या एरवाडी या दर्ग्याच्या गावी 2001 साली देशानं पाहिलं: आगीत 28 रुग्ण जळून गेले.

पण हे पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे. दसऱ्याच्या आगेमागे आमच्या बीड जिल्ह्यातली गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता घेऊन नवरा-बायको कोल्हापूर, सांगली नाहीतर कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत. घरात स्किझोफ्रेनियाचा माणूस असेल तर त्याला सोबत नेतात, किंवा म्हाताऱ्या आईवर टाकून जातात. सरकारी दवाखान्यात मिळाल्या तर महिन्याच्या गोळ्या मिळतात. पुढचे पाच महिने? फडावरच्या कोपीतून कुठल्या अनोळखी गावच्या दवाखान्यात जायचं, एक दिवसाचा खाडा कोणी सोसायचा? जुनी चिठ्ठी घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि परवडतील तेवढ्या गोळ्या मागतात. कधी दोन पट्ट्या, कधी आठ दिवसांच्या. ही औषधं चालू चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि नाही दिली तर रुग्ण फडात बिघडतो, या कात्रीत माझ्यासारखा प्रत्येक ग्रामीण दुकानदार आहे. संक्रांतीनंतर कुणाला तरी गाडीत घालून परत आणल्याची बातमी येते, तेव्हा गावात बोलतात, ‘औषध लागूच पडलं नाही त्याला.’ खाल्लंच नाही, तर लागू कसं पडणार?

यावर उपाय आहेत. फ्लुफेनाझिनचं इंजेक्शन दोन ते चार आठवड्यांनी एकदा घेतलं की रोजच्या गोळीची कटकट बरीच कमी होते, आणि ते काही नवं नाही, कित्येक दशकं वापरात आहे. दोन औषधं पुरेशा मात्रेत घेऊनही उतार न पडणाऱ्यांसाठी क्लोझापाइन आहे. 1988 च्या अमेरिकेतल्या चाचणीत, इतर औषधांना दाद न दिलेल्या रुग्णांपैकी 30 टक्क्यांना सहा आठवड्यांत त्यानं गुण आला. जुन्या क्लोरप्रोमाझिननं 4 टक्क्यांना. पण क्लोझापाइननं पांढऱ्या पेशी घातक पातळीपर्यंत घटू शकतात, म्हणून सुरुवातीला अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. तालुक्याच्या ठिकाणी ती तपासणी होते. दर आठवड्याला तिथवर येण्याचं भाडं कोण देणार, हा प्रश्न उरतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 सांगतो की, आवश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी दवाखान्यांत मनोरुग्णांना कायम आणि मोफत मिळाली पाहिजेत. ‘कायम’ या शब्दापुढे आमच्या भागात काय चालतं, ते कुठल्याही रुग्णाच्या घरी विचारा. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, मराठवाड्यात एकही नाही. मोठी इमारत होईल तेव्हा होवो. तूर्त एवढं करता येईल: गाळप हंगामाआधी, गणपतीनंतर, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांची एक तपासणी, स्थिर रुग्णांना तीन महिन्यांची औषधं, आणि हाताशी ठेवायला औषधाचं नाव-मात्रा लिहिलेलं कार्ड, जे कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात चालेल. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडे मजुरांची नोंद होते. त्या नोंदीला हे कार्ड जोडता येईल. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांकही त्या कार्डावर छापा. मजूर कर्नाटकात गेला तर तिथल्या दवाखान्यानं हे कार्ड मानावं, यासाठी दोन राज्यांच्या आरोग्य खात्यांत बोलणं लागेल; ते आताच सुरू केलं तरच येत्या दसऱ्यापर्यंत काही हाती लागेल.

(गिऱ्हाईक सगळे ओळखीचे आहेत, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)

आपला,
एक औषध विक्रेता,
ता. गेवराई, जि. बीड