डोकी मोजून भाषेची प्रकृती कळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जगातील भाषांविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेल्या लेखात केवळ भाषकसंख्येवरून युरोपातील लॅटव्हिया या देशाची लॅटव्हियन भाषा ‘संकटात’ आणि दक्षिण अमेरिकेतील केचुआ ‘सुस्थितीत’ असल्याचे म्हटले आहे. आकडे ढोबळमानाने बरोबर आहेत. लॅटव्हियन मातृभाषा असलेले लोक सुमारे १५ लाख, तर केचुआ बोलणारे ८० लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक. पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र उलटा आहे.

मुळात हे दोन आकडे एका मापाचे नाहीत. लॅटव्हियन ही शाळेत शिकवली जाणारी, एकच प्रमाण रूप असलेली भाषा आहे. केचुआ हे मात्र पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर अशा देशांत पसरलेल्या भाषांच्या कुळाचे नाव आहे आणि पेरूतल्याच अंकाश भागातील माणसाला कुस्कोकडचे बोलणे नीट उमगत नाही. स्वर तीन लिहावेत की पाच, यावरही तिथे अजून वाद आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्याकडे भोजपुरीपासून राजस्थानीपर्यंत सारे ‘हिंदी’च्या खात्यात जमा करून ५२ कोटींचा आकडा उभा राहिला, तसाच काहीसा हा प्रकार!

खरा फरक आहे तो भाषेमागे कोण उभे आहे याचा. १९८९ मध्ये लॅटव्हियात लॅटव्हियन वंशाचे लोक जेमतेम ५२ टक्के होते. सोव्हिएत काळात रशियनचे वर्चस्व होते. पुढे देश स्वतंत्र झाला, लॅटव्हियन ही एकमेव राजभाषा झाली आणि २००४ पासून ती युरोपीय संघाचीही अधिकृत भाषा आहे. राजधानी रिगातल्या दुकानात औषधाचे खोके उघडले, तर आतले माहितीपत्रक लॅटव्हियनमध्ये असते, कारण कायद्यानेच ते तसे असावे लागते. रशियनला दुसरी राजभाषा करण्याचा प्रस्ताव २०१२ च्या सार्वमतात सुमारे ७५ टक्के मतदारांनी फेटाळला. त्यात तिथल्या रशियन भाषकांवर अन्याय झाला की नाही, हा वेगळा आणि अवघड प्रश्न आहे.

केचुआला पेरूने १९७५ मध्येच राजभाषेचा दर्जा दिला होता. तरीही ऑगस्ट २०२१ मध्ये पंतप्रधान गिदो बेयिदो यांनी संसदेत केचुआतून भाषण सुरू करताच सदस्यांनी आरडाओरडा केला आणि त्यांना स्पॅनिशमध्ये बोलण्यास सांगण्यात आले. २०१७ च्या जनगणनेत ज्या देशातील ३७ लाखांहून अधिक लोकांनी ही आपली बालपणीची भाषा म्हणून नोंदवली, त्या देशाच्या सभागृहातली ही गोष्ट आहे. गंमत म्हणजे, ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ हा मराठीतला भेद केचुआतही आहे, स्पॅनिशमध्ये नाही.

पुढच्या वेळी अशी यादी छापाल, तेव्हा भाषकसंख्येशेजारी ती भाषा कोणत्या इयत्तेपर्यंत शिकण्याचे माध्यम आहे, हा एक रकाना वाढवावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा