लुकांगहून पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तैवानच्या पश्चिम किनाऱ्यावरील लुकांग या जुन्या गावातून हे पत्र लिहीत आहे. इथे येण्यासाठी चांगह्वा स्थानकावर उतरून बस धरावी लागते. बाबा, एवढ्या नावाजलेल्या गावाला आगगाडी कशी नाही, असे तुम्ही विचारणारच. १७८४ साली चीनच्या फूच्यान प्रांताच्या किनाऱ्याशी व्यापारासाठी इथले बंदर अधिकृतपणे खुले झाले आणि काही दशके तैवानमध्ये ताइनानच्या खालोखाल या गावाचेच नाव घेतले जाई. पुढे बंदर गाळाने भरत गेले आणि जपानी राजवटीत १९०८ साली पूर्ण झालेला उत्तर-दक्षिण लोहमार्गही गावाला बगल देऊन गेला. व्यापार आटला, तशी जुनी घरे पाडून नवी उठवण्याची घाईही कोणाला राहिली नाही. तरीही सगळे वाचले असे नाही. इथली मुख्य बाजारपेठ पूर्वी वरून छपराने झाकलेली होती, ती १९३० च्या दशकात रस्ता रुंद करताना गेली.

जुन्या गल्ल्या लाल विटांच्या आणि मुद्दाम वळणावळणाच्या आहेत. पावसाळ्यानंतर समुद्रावरून येणारा बोचरा, वाळू उडवणारा वारा त्या वळणांवर अडतो. आई, तुला सर्वांत आवडेल ती एक विहीर. तिचे अर्धे वर्तुळ घराच्या कुंपणभिंतीच्या आत आणि अर्धे बाहेर रस्त्यावर आहे, कारण विहीर खणवणे न परवडणाऱ्या शेजाऱ्यांना घरात न येता पाणी काढता यावे, अशी मालकांची इच्छा होती. दानशूरपणाच्या पाट्या पुष्कळ पाहिल्या, पण भिंत बांधतानाच केलेली ही सोय मला अधिक मोलाची वाटली.

दर्यावर्दींची देवी माजू हिच्या देवळात बराच वेळ थांबले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या उदबत्त्यांच्या धुराने मूर्तीचा चेहरा काळा झाला आहे. माझ्यासमोर एक आजीबाई चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाल लाकडी तुकडे ओंजळीत धरून काही पुटपुटल्या आणि त्यांनी ते जमिनीवर टाकले. तुकड्याची एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर वर आली तर देवीचा होकार, दोन्ही फुगीर आल्या तर नकार, आणि दोन्ही सपाट आल्या तर देवी नुसती हसली, म्हणजे प्रश्न नीट विचारा! आपल्या गावच्या देवळातला कौलच की हा, फक्त आपल्या देवाला असे हसून टाळण्याची मुभा नाही. लुंगशान देवळातील नाट्यमंचावरचे अष्टकोनी लाकडी छतही पाहिले. १९९९ च्या भूकंपात या देवळाची बरीच पडझड झाली होती. डागडुजीला कित्येक वर्षे लागली.

तुम्ही दोघांनी यावे असे मनापासून वाटते. गाव सपाट आहे, त्यामुळे बाबांच्या गुडघ्यांना फारसा त्रास होणार नाही. मात्र शरद ऋतूतला वारा टाळावा आणि चिनी तिसऱ्या महिन्यातील माजूच्या जन्मोत्सवाच्या सुमारास, म्हणजे साधारण एप्रिल-मेमध्ये, यावे. गर्दी होईल, पण मिरवणुका बघायला मिळतील. आईच्या जेवणाची काळजी नको. इथे कालवांचे ऑम्लेट प्रसिद्ध असले, तरी पाटीवर स्वस्तिक काढलेली खानावळ दिसली की ती शाकाहारी समजावी. तिथे बहुधा कांदा-लसूणही नसतो. गायीच्या जिभेच्या आकाराची गोड पोळी मात्र विचारूनच घ्यावी, कारण तिच्यात कधी कधी डुकराची चरबी घालतात. पारपत्राची मुदत संपत आली असेल, तर बाबांनी नूतनीकरणाचा अर्ज या महिन्यातच करावा.

तुमची लाडकी लेक