न ढकलल्याबद्दल आभार

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. आपले नाव मला ठाऊक नाही, म्हणून हे पत्र असे उघडपणे लिहीत आहे. डोंगरमाथ्याकडे जाणारी ती पायवाट जिथे एकाएकी उभी चढू लागते आणि सुट्या मुरुमातून झाडांची मुळे वर येतात, तिथे सायकलच्या दांड्यावर ओणवा होऊन धापा टाकणाऱ्या एका अनोळखी माणसासाठी आपण थांबलात. अशा चढावर चालती सायकल थांबवणे म्हणजे काय, हे सायकल चालवणाऱ्यालाच कळेल. मोठ्या कष्टाने जुळवलेली पायांची आणि श्वासाची लय दुसऱ्या कुणासाठी मोडायची आणि पुढे ती पहिल्यापासून जुळवायची, एवढा त्याग त्यात असतो. माझा श्वास ठिकाणावर येईपर्यंत आपण चकार शब्द काढला नाहीत आणि माझ्याकडे टक लावून न पाहता दरीकडे पाहत राहिलात, याबद्दलही मी आपला ऋणी आहे.

यापूर्वी ज्यांच्या संगतीने मी हा चढ चढू पाहत होतो, त्यांची आठवण या निमित्ताने येते आणि ती फारशी गोड नाही. त्यांच्यातले वेगवान स्वार पुढे जाऊन विसाव्याच्या जागी थांबत, पाणी पीत, गप्पा मारत, आणि शेवटचा माणूस कसाबसा तिथे पोहोचला की ‘आले, चला’ म्हणून लगेच सायकलवर टांग टाकत. म्हणजे जो सर्वांत जास्त दमलेला, त्याच्या वाट्याला सर्वांत कमी विश्रांती. आणि यालाच ते सगळ्यांना सोबत घेऊन जाणे म्हणत असत. एक गृहस्थ मागून सतत ‘जोर लावा, जोर लावा’ असे ओरडत. सुट्या खडीवर एकदम जोर लावला की मागचे चाक जागच्या जागी फिरते आणि सायकल थांबते, हे इतकी वर्षे सायकल चालवूनही त्यांच्या ध्यानात आले नसावे. दुसऱ्या एकांनी मला हलकी सायकल विकत घेण्याचा सल्ला दिला होता. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो वजन असेल, तर सायकल २ किलोंनी हलकी केल्याने चढावरची मेहनत साधारण २ टक्क्यांनी कमी होते. सल्ला देण्यापूर्वी हा साधा हिशेब करावा, असे त्यांना वाटले नाही.

तिसऱ्यांची पद्धत सर्वांत वाईट होती. ते शेजारी येऊन माझ्या पाठीवर हात ठेवत आणि मला वर ढकलत. हेतू चांगला असेल, पण त्याने हँडल डगमगे, आणि त्याहून मोठे नुकसान असे की माथ्यावर पोहोचल्यावरही मी स्वतः चढून आलो असे मला कधी वाटले नाही.

आपण मला ढकलले नाहीत, आणि मला आभार मानायचे आहेत ते नेमके त्यासाठी. आपण माझ्या मागे, उताराच्या अंगाला उभ्या राहिलात, बुटाचा अडसर मागच्या चाकाला लावलात, एका हाताने सीट धरलीत आणि म्हणालात, “मी फक्त धरते. सायकल तुम्हीच चालवायची. एक गिअर जड घ्या.”

चढ चढण्यापेक्षा चढावर थांबल्यावर पुन्हा निघणे कितीतरी अवघड असते, हे तोपर्यंत मला कुणी सांगितले नव्हते. पुढच्या दातेरी चकतीला ३२ दात आणि मागच्या चकतीला ५१ दात अशा सर्वांत हलक्या गिअरमध्ये पॅडलच्या पूर्ण फेऱ्याला २९ इंची चाकाची सायकल जेमतेम दीड मीटर पुढे सरकते, म्हणजे अर्ध्या फेऱ्याला पाऊण मीटरही नाही. तेवढ्या अवकाशात दुसरा पाय उचलून पॅडलवर ठेवायचा आणि तोलही सांभाळायचा असतो. मागे रेलून बसावे तर पुढचे चाक उचलले जाते, पुढे झुकावे तर मागचे घसरते. आपल्या त्या एका हाताने तोलाची चिंता तेवढ्या क्षणापुरती माझ्याकडून काढून घेतली आणि बाकीचे सारे कष्ट माझ्याचकडे ठेवले. मी सीटच्या टोकावर सरकलो, कोपरे खाली घेतली, छाती हँडलकडे झुकवली आणि पहिले पॅडल मारले. आपला हात कधी सुटला, ते मला समजले नाही. मुळांचा तो पट्टा ओलांडून बराच वर गेल्यावर आपल्या सायकलच्या चेनचा आवाज खूप मागून आला, तेव्हा मी कधीपासून एकट्याच्या बळावर चढत होतो हे उमगले.

पुढचा चढ सोपा नव्हता. मांड्या भरून आल्या होत्या आणि छातीचा भाता झाला होता, परंतु तोंडातून दोन शब्द सलग निघू शकतील इतपतच वेग ठेवायचा, हे आपले जाताजाता सांगितलेले सूत्र मी सोडले नाही. माझी मर्यादा म्हणून जी जागा मी मनात ठरवून टाकली होती, ती त्या दिवशी मागे पडली. इतरांनी मला तिच्यापलीकडे ओढून नेण्याचे प्रयत्न केले होते. आपण फक्त तिच्या काठाशी मला नीट उभे केलेत. मदत किती करावी हे पुष्कळांना कळते, कुठे थांबावी हे फार थोड्यांना कळते, आणि मी तरी सभ्यता यालाच म्हणेन. समोरच्याचे कष्ट आपल्या नावावर करून न घेण्याचा हा सभ्यपणा मला डोंगरावर क्वचितच भेटला आहे, आणि डोंगराखाली तर त्याहूनही क्वचित.

माथ्यावर आपण हेल्मेट काढून निवांत बसलात आणि म्हणालात, “पाणी प्या, निघायची काही घाई नाही.” त्यावर मी काहीच बोलू शकलो नाही, कारण तोवर दम परत आलेला नव्हता. ते राहिलेले उत्तर आज या पत्रातून देत आहे.

आता थांबल्यावर पुन्हा निघताना मी एक गिअर जड ठेवतो आणि बहुतेक वेळा चाक घसरत नाही. माथ्याखालच्या शेवटच्या वळणावर मात्र त्या दिवशीही मला उतरून सायकल हाती धरून चालावे लागले होते आणि अजूनही लागते. आपण तिथून सहज वर गेलात, हे मी पाहिले होते. परंतु डाव्या अंगाच्या मुळांवरून गेलात की उजवीकडच्या दगडांमधून, हे धापांच्या भरात माझ्या लक्षात राहिले नाही. पुन्हा भेट झाल्यास तेवढे कृपया सांगावे.

आपला कृतज्ञ,
मुळांच्या पट्ट्यात थांबलेला सायकलस्वार