पाळणाघरातला सण नक्की कोणासाठी?

संपादक महोदय, नमस्कार.

पाळणाघरात, डे-केअरमध्ये सगळ्या धर्मांचे सण करावेत की एकही करू नये, यावर भांडणारे दोन्ही बाजूचे लोक एक गोष्ट धरूनच चालतात, ती म्हणजे सण म्हणजे फंक्शन. डेकोरेशन, ड्रेस, मोठा स्पीकर, आणि समोर मोबाईल घेऊन उभे असलेले पालक. मी अशाच एका ठिकाणी लहान मुलांबरोबर काम करते आणि मला विचाराल तर सण जरूर करा पण हे फंक्शन बंद करा.

दोन वर्षांच्या मुलाला "पुढच्या आठवड्यात" म्हणजे काय तेही कळत नाही, त्याला गोष्टीतला राजा, युद्ध, अवतार, प्रेषित हे सगळं सांगून काय होणार? त्याला कळतो तो उजेड, वास, ताल, कापडाचा स्पर्श आणि घरातली माणसं आज खुश आहेत एवढंच. आणि भीती पण कळते हो. पांढरी दाढी लावलेला सांताक्लॉज किंवा मुखवटा घातलेलं कोणी समोर आलं की मूल ताईला घट्ट चिकटतं आणि आपण मात्र "घाबरतोस काय, चल फोटो काढू" करत त्याला पुढे ढकलतो. रडक्या चेहऱ्याचा तो फोटो मग ग्रुपवर जातो, त्याखाली हसण्याच्या इमोजी. कोणाची मजा झाली ही?

खरं तर फार काही लागत नाही. ज्या मुलाच्या घरी सण आहे त्याची आई, आजोबा, कोणीतरी यावं, घरात म्हणतात ते गाणं म्हणावं, एखादी वस्तू हातात घेऊन बघू द्यावी, अर्ध्या तासात संपवावं. मग ती ओढणी, ते रिकामे दिवे, कंदील खेळायच्या कोपऱ्यात पुढचे काही दिवस तसेच राहू द्या, कारण मुलं सण त्या दिवशी करतच नाहीत, नंतर करतात, आपापसात, भातुकलीत, आणि तेव्हा बघा काय काय लक्षात राहिलेलं असतं. तारखा मात्र घरच्यांना विचारा, मागच्या वर्षीची फाईल काढू नका. ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येते, ईस्टर मार्चअखेर पण असतो आणि एप्रिलअखेर पण, दिवाळी पण मागेपुढे होते.

आता नाजूक मुद्दा. दाखवणं वेगळं आणि करायला लावणं वेगळं. "तिच्या घरी आज दिवे लावतात, बघूया का" हे ठीक, पण "चला सगळ्यांनी हात जोडा" म्हटलं की ती प्रार्थना झाली, मग ती कुठल्याही धर्माची असो, आणि तो निर्णय पाळणाघराचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम १४ मध्ये मुलाचं धर्मस्वातंत्र्य आहे आणि त्याला त्यात मार्ग दाखवायचा पालकांचा हक्कही आहे, कलम ३० मध्ये अल्पसंख्याक मुलांना आपली संस्कृती, धर्म, भाषा जपायचा हक्क आहे. म्हणजे एकाच घरचे सण वर्षभर करणं हेही त्यात बसत नाही. पण म्हणून त्या एकट्या मुलाला उभं करून "तुमच्यात काय करतात सांग बरं" असं विचारू नका, तीन वर्षांचं पोर आहे ते, प्रवक्ता नाही.

काही घरं सण पाळतच नाहीत. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातले लोक तर वाढदिवससुद्धा करत नाहीत, काही कुटुंबं धर्मच मानत नाहीत, कोणाच्या घरी त्या वर्षी माणूस गेलेलं असतं. ॲडमिशनच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न घातला की काम होतं, पण तो कोणी घालत नाही आणि मग ऐनवेळी त्या मुलाला ऑफिसात बसवून ठेवतात, शिक्षा केल्यासारखं.

आणि कृपा करून ते बॅटरीवाले छोटे दिवे मुलांच्या हातात देऊ नका. त्यातली बटण बॅटरी गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. खऱ्या ज्योतीपासून वाचवायला आपण हे आणतो आणि झाकणाला स्क्रू आहे की नाही तेही बघत नाही. फुटलेल्या फुग्यांचे तुकडे पण लगेच उचला, घशात अडकतात.

शेवटी तुमच्याकडेच एक मागणं आहे. सणाच्या दुसऱ्या दिवशी नटवलेल्या मुलांचे फोटो तुम्ही छापता, आणि मग पुढच्या वर्षी प्रत्येक पाळणाघराला तसाच फोटो हवा असतो, पालकही तेच मागतात. मोठ्या मुलांचे छापा हवं तर, पण तीन वर्षांखालच्यांचे निदान या वर्षी तरी नका छापू.

आपली,
पाळणाघरात काम करणारी एक वाचक