‘नोट दिसताच दाबा’ हा सल्ला उलटा आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तालावरच्या व्हिडिओ गेममध्ये (पडद्यावर सरकत येणारी खूण, म्हणजे ‘नोट’, गाण्याच्या ठोक्याला रेषेवर पोचते तेव्हा बटण दाबायचं) गुण वाढवण्याच्या युक्त्या छापून आल्या. लेखकाचा सगळा भर चपळाईवर: नजर पडद्यावरून हलवू नका, नोट रेषेवर आलेली दिसताच बटण दाबा, जमत नसेल तर नोटा सरकण्याचा वेग कमी करा. यातला एकही सल्ला पाळून गुण वाढणार नाहीत, म्हणून हे पत्र.

मी व्यावसायिक नाटकांचं पार्श्वसंगीत ऑपरेट करतो. संगीत देणारा वेगळा. मी प्रयोगाला लॅपटॉपपुढे बसून क्यूवर, म्हणजे ठरलेल्या इशाऱ्यावर, बटण दाबणारा. एखाद्या अंकातली थप्पड घ्या. नटाचा हात गालापाशी पोचलेला दिसल्यावर बटण दाबलं तर आवाज मागाहून येतो आणि ऐन गंभीर प्रसंगात प्रेक्षागृहात हशा पिकतो. हाताकडे बघायचंच नसतं. खांदा मागे गेला की त्या नटाची लय धरायची आणि तिच्यावर दाबायचं. माझी मुलगी हे गेम खेळते, तिच्या नादाने मीही खेळू लागलो, आणि तिथेही मला हेच दिसलं.

डोळ्याला दिसून बोट हलेपर्यंत माणसाचे साधारण २०० मिलिसेकंद जातात. कोनामीच्या १९९७ सालच्या ‘बीटमेनिया’तून पुढे निघालेल्या ‘टू-डीएक्स’ मालिकेत सर्वांत वरचा शेरा मिळवायचा तर ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे जेमतेम १६-१७ मिलिसेकंदांची मुभा असते, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं धरली तर एका चित्राएवढी. नामकोच्या ‘ताइको नो तात्सुजिन’मध्ये (२००१) जपानी ढोल वाजवायचा असतो, तिथे अवघड पातळीवर ही मुभा सुमारे २५ मिलिसेकंद. दिसल्यावर दाबणारा इथे गाठणार कसा? पुढचा ठोका कधी, हे कानाने आधीच ठरवलेलं असतं. कुठलं बटण, एवढंच डोळ्याने सांगायचं.

आता लेखात ज्याचा उल्लेखही नाही ते. चुका दोन जातीच्या असतात आणि त्यांचं औषध वेगवेगळं आहे. ‘ओसू!’ नावाचा फुकट गेम आहे, डीन हर्बर्ट या ऑस्ट्रेलियातल्या प्रोग्रॅमरने २००७ मध्ये आणलेला. त्यात पडद्याच्या तळाशी एक आडवी पट्टी दिसते. प्रत्येक ठोक्यागणिक तिच्यावर बारीक रेघ उमटते: लवकर पडला तर मध्याच्या डावीकडे, उशिरा पडला तर उजवीकडे. माझ्या मुलीच्या रेघा एका जागी दाट जमायच्या, पण सगळ्या मध्याच्या उजवीकडे. ती बिचारी ‘मी स्लो आहे’ म्हणून तासन्‌तास सराव करत होती. हात तर पक्का होता! कानात ब्लूटूथचे इयरफोन होते, बस. त्यांच्यातून आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा येणं नेहमीचंच. हवेतून आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, त्या हिशेबाने ती रंगमंचापासून पन्नास ते सत्तर मीटर लांब बसून ठोका धरत होती. वायरचा इयरफोन लावला आणि पुंजका मध्याकडे सरकला. उरलेला थोडा फरक सेटिंगमधल्या ऑफसेटने (ठोक्याची वेळ जराशी पुढेमागे सरकवण्याची सोय) काढला, तोही एका गाण्यावरून नाही, बऱ्याच गाण्यांची सरासरी बघून.

रेघा मध्याच्या दोन्ही बाजूंना विखुरल्या असतील तर मात्र ऑफसेट कितीही फिरवा, फुकट. ती हाताची अस्थिरता. ‘ओसू!’मध्ये तिला ‘अनस्टेबल रेट’ म्हणतात: ठोक्यांच्या फरकांचं प्रमाण विचलन (ते सरासरीपासून किती विखुरले आहेत त्याचं माप) काढून त्याला दहाने गुणायचं. १०० आला तर विचलन १० मिलिसेकंद. हा आकडा फक्त रियाजाने उतरतो, आणि तोही गाणं झेपेल इतपतच अवघड निवडलं तर. बहुतेक मुलं करतात नेमकं उलटं. मशीनची चूक असताना हात झिजवतात आणि हात कच्चा असताना सेटिंग बदलत बसतात.

टीव्हीवर खेळणाऱ्यांनी आधी ‘गेम मोड’ चालू करावा, कारण चित्र सुधारण्याच्या नादात टीव्ही ते उशिरा दाखवतो. चित्राचा उशीर आणि आवाजाचा उशीर या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत; ज्या गेममध्ये दोन्हींची सेटिंग वेगळी आहे तिथे एकीचं औषध दुसरीला देऊ नये. शिवाय मेट्रोनोमबरोबर (ठरलेल्या लयीत टकटक करणारं यंत्र) टिचकी मारायला सांगितलं की बहुतेक माणसं ठोक्याच्या किंचित आधीच मारतात. म्हणून ऑफसेट लावताना जसं खेळतो तसंच बसावं, त्याच हाताने. खेळतानाची सवयही मग आपोआप हिशेबात धरली जाते.

वेगाबद्दल थोडक्यात. नोटा सरकण्याचा वेग वाढवला म्हणून गाणं जलद होत नाही. दोन नोटांमधलं पडद्यावरचं अंतर तेवढं वाढतं, गर्दी सुटते आणि कुठली नोट आधी ते स्पष्ट वाचता येतं. वेग कमी केला की दाट जागी नोटा एकमेकींवर चढतात. सवय होईल तसा वेग थोडा थोडा वाढवत न्यावा, कमी नाही.

खरी गंमत आहे ती ‘गिटार हीरो’त (२००५). तिथे मुभेच्या आत ठोका पडला की पडला. अचूक मध्यावर मारल्याचं जादा बक्षीस नाही. एका नोटेचे ५० गुण. ओळीने नोटा लागत गेल्या की गुणक चारपट होतो, आणि ‘स्टार पॉवर’ (काही वेळ गुणक दुप्पट करणारी, साठवून वापरायची शक्ती) चालू असताना आठपट. भरलेली स्टार पॉवर आठ बार, म्हणजे तालाची आठ आवर्तनं, टिकते. समजा, ती संपल्या संपल्या कॉर्ड आहे, म्हणजे एकदम दाबायच्या दोन बटणांच्या नोटा. वेळेवर वाजवला तर ४०० गुण. मुभेचा फायदा घेऊन जरा आधी, पॉवर संपण्यापूर्वी वाजवला तर ८००. सुरुवातीलाही तसंच: पॉवर चालू करण्याच्या जागेला लागून आधी एखादी नोट असेल तर ती अडवून धरायची, आधी पॉवर चालू करायची, मग मुभा संपायच्या आत ती वाजवायची. खेळणारे याला ‘स्क्वीझ’ म्हणतात. मुलगी जुन्या प्लॅस्टिकच्या गिटारवर हे करते तेव्हा तिची बोटं कॉर्डवर आधीच जाऊन बसलेली असतात. स्ट्रम करणारा, म्हणजे तारेच्या जागची पट्टी छेडणारा, अंगठा तेवढा पुढे येतो, आणि पुढच्याच नोटेला पुन्हा लयीत. परत लयीत येणं हे त्यातलं कठीण काम. बरेच जण एक कॉर्ड आधी ओढतात आणि मग सगळी ओळच पळवतात.

ही लबाडी आहे का, असं माझ्या एका नट मित्राने विचारलं. मला तसं वाटत नाही. नोट कागदावर कुठे लिहिली आहे यावर गुण मिळत नाहीत, ती वाजली कधी यावर मिळतात. नियमच तसा आहे.

पण हीच युक्ती ‘टू-डीएक्स’मध्ये केली तर शेरा घसरेल आणि गुण जातील. तेव्हा पुढचा भाग छापणार असाल तर प्रत्येक युक्तीपुढे गेमचं नाव जरूर द्या. आणि ‘गेमिंग’ असं लिहिलेले महागडे ब्लूटूथ हेडफोन घ्यायला निघालेल्या पालकांसाठी वायरच्या इयरफोनबद्दल दोन ओळी टाका.

आपला,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)