रिमोटवरचा माझा आवाज

महोदय,
स. न. वि. वि.

'हल्लीच्या मुलांना वळण म्हणून राहिलेलं नाही' अशा सुराची पत्रं या सदरात अधूनमधून येतात. ती वाचून मी आजवर मान डोलवत आले. प्राथमिक शाळेत 31 वर्षं शिकवलंय, तेव्हा या विषयावर बोलायचा हक्क आपलाच, असंही वाटायचं.

गेल्या महिन्यात माझ्या साडेचार वर्षांच्या नातवाने टीव्हीचा रिमोट कानाला लावला, एक हात कमरेवर ठेवला आणि खोलीभर येरझाऱ्या घालत सुरू केलं, "अहो, कितीदा सांगायचं? कळतं का तुम्हाला काही? साहेबांना द्या फोन!" घरातले पोट धरून हसले. मला हसू येईना. शब्द माझे होते, 'साहेबांना' म्हणताना चढलेला आवाज माझा, मधला उसासासुद्धा माझाच. दोन दिवसांपूर्वी इंटरनेट बंद पडलं तेव्हा ग्राहक सेवेतल्या एका मुलीला मी असंच झाडलं होतं. तिच्या हातात काही नव्हतं, हे मलाही कळत होतं. नातू तेव्हा ठोकळे रचत बसला होता. त्याचं लक्ष नाही, असं मी धरून चालले.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचा 1961 चा प्रयोग आम्हाला प्रशिक्षणात शिकवला होता. तीन ते सहा वर्षांची 72 मुलं. त्यातल्या काहींसमोर मोठं माणूस हवा भरलेल्या बाहुल्याला बडवून काढतं. नंतर ते पाहिलेल्या मुलांनीही त्याला तसंच बडवलं, हातोडीनेसुद्धा, आणि तोंडी शब्दही तेच. परीक्षेत यावर मी छान टीप लिहिली होती!

"थँक्यू म्हण", "सॉरी म्हण" हा धोशा आपण बहुधा चार माणसं बघत असतात तेव्हाच लावतो. त्यात मुलाच्या वळणापेक्षा आपल्या अब्रूची काळजी जास्त. वर्गात कुणी कुणाला ढकललं की मी लगेच सॉरी म्हणवून घ्यायचे. मूल खाली बघून पुटपुटायचं, प्रकरण मिटायचं, मधल्या सुट्टीत पुन्हा ढकलाढकली. एकदा वैतागून म्हटलं, "सॉरी राहू दे, आधी त्याचा गुडघा धुवायला मदत कर." त्याने खरचटलेलं जवळून पाहिलं आणि हळूच विचारलं, "दुखतंय का रे?" एवढी साधी गोष्ट मला सुचायला बरीच वर्षं लागली, हे कबूल करते.

आणि मुलांचा मान? "मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस" म्हणणारे आपण त्यांचं वाक्य सर्रास तोडतो, त्यांच्या फजितीचे किस्से त्यांच्यादेखत पाहुण्यांना रंगवून सांगतो.

हल्ली तक्रारीचा फोन मी नातू जवळ असताना मुद्दाम करते. आधी नाव विचारते, काम झालं नाही तरी ठेवताना आभार मानते. अधूनमधून जीभ चावावी लागते. परवा रिमोट पुन्हा कानाला लागला. "नमस्कार, नाव काय आपलं?" मी सुखावले. क्षणभर थांबून तो म्हणाला, "बरं. आता साहेबांना द्या."

– एक निवृत्त शिक्षिका